रिचार्जचा तेरावा महिना
(पाचोरा येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या बैठकीत मोबाइलचा विषय कशाला, असे आल्या आल्या दोघा-तिघांनी विचारले. उत्तर सरळ आहे. आपण लागवडीचा खर्च मांडतो तेव्हा बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी सगळे धरतो. रिचार्ज धरत नाही. तो चहापाण्याच्या खर्चात जातो. पण २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस निगमला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. सातबाऱ्यावर पीकपेरा लावायचा तर २०२१ पासून ई-पीक पाहणीचे अ‍ॅप आहे. पीएम किसानची ई-केवायसी घरबसल्या करायची तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी यावा लागतो. म्हणजे फोन आता चैनीचा राहिला नाही. वखर-पाभरीसारखे तेही एक अवजार झाले आहे. अवजाराचा खर्च उत्पादन खर्चात धरला पाहिजे, आणि त्याचा भाव कोण ठरवतो हेही बघितले पाहिजे.

आधी थोडा इतिहास. १८८५ च्या तार कायद्याने तार आणि पुढे टेलिफोन हा सरकारचा मक्ता झाला. दुकान एकच, मालकही एकच. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे नंबरात बसायचे. मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल लावून पोस्टात ताटकळायचे. आपल्याला हा अनुभव नवा नव्हता. १९७२ पासून जवळजवळ तीन दशके राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. घेणारा एकच, म्हणून माप त्याचे, ग्रेड त्याची, आणि चुकारा त्याच्या सवडीने. तिकडे विकणारा एकच, इकडे घेणारा एकच. दोन्हीकडे ताटकळणारे मात्र आपणच.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले. देशातला तो पहिला मोबाइल कॉल. पण दार उघडले ते किती? एका सर्कलला दोनच परवाने. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून आपले सर्कल. त्यात आले बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे. परवान्यासाठी कंपन्यांनी सरकारला भरमसाट रकमा कबूल केल्या होत्या, त्या गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघायच्या होत्या. एकाच्या जागी दोन दुकाने झाली, पण बाजार काही झाला नाही.

भाव उतरला तो पुढे. १९९९ च्या धोरणाने ठोक परवाना शुल्काच्या जागी उत्पन्नातला हिस्सा घ्यायचे ठरले. २००२ मध्ये आपल्या सर्कलमध्ये एअरटेल आली, बीएसएनएलचा मोबाइल आला, आणि त्याच डिसेंबरात रिलायन्सही उतरली. बिर्लांची कंपनी तोवर टाटांना सोबत घेऊन ‘आयडिया’ झाली होती. मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया केला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला, मग सगळ्यांनाच सेकंदावर यावे लागले. त्या सुमाराला देशात डझनभर कंपन्या होत्या.

यंत्रे स्वस्त झाली हेही भाव उतरण्याचे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्रे स्वस्त झाली म्हणून दुकानदार आपण होऊन भाव कमी करतो, असे कधी पाहिले आहे? शेजारी दुसरे दुकान लागते तेव्हाच तो करतो. जिनिंगच्या दारात व्यापारी जास्त असले की कापसाची बोली चढते. बोलण्याच्या बाजारात विकणारे जास्त झाले तेव्हा भाव पडला.

मग ही दुकाने गेली कुठे? कारणे तीन.

पहिले कारण सरकारचे परवाने. २००८ मध्ये ज्या तऱ्हेने परवाने वाटले गेले ती सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला बेकायदा ठरवली आणि १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले, पण परवाने गेले ते गेलेच.

दुसरे कारण सरकारची भूक. कंपनीचे बोलणे ज्या लहरींवरून जाते त्या लहरींचा लिलाव होतो. २०१० च्या एका वर्षात अशा लिलावांतून सरकारला एक लाख कोटींहून जास्त मिळाले. पुढे कंपन्यांचे उत्पन्न मोजायचे कसे यावर वाद झाला, त्यात २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल सरकारच्या बाजूने लागला. नुसत्या परवाना शुल्काची मागणी ९२ हजार कोटींच्या घरात होती. बाजार समितीचा सेस व्यापारी भरतो असे कागदावर असते, कापतो मात्र आपल्याच भावातून. इथेही तेच.

तिसरे कारण भावाची मारामारी. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि मार्च २०१७ पर्यंत सगळेच फुकट वाटले. आपण सिमकार्डांसाठी रांगा लावल्या. लावणारच, फुकट कोण सोडतो? पण ज्याचा खिसा खोल नव्हता तो दुकानदार बसला. एअरसेल दिवाळखोरीत गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलचा धंदा गुंडाळला. टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल धंदा एअरटेलकडे गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल. देशातले सुमारे तीन चतुर्थांश गिऱ्हाईक आता जिओ आणि एअरटेल या दोघींकडे आहे.

त्यानंतरचे भाव बघा. डिसेंबर २०१९ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. २०२१ च्या अखेरीस पुन्हा वाढवले. जुलै २०२४ मध्ये दोन दिवसांच्या आत तिघांचे दर वाढले. एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत स्वस्त पॅक १७९ चा १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९.

आता २८ दिवसांचे गौडबंगाल. खेडा खरेदीवाला क्विंटलमागे कट्टी कापतो, हे आपल्याला पाठ आहे. इथे कट्टी महिन्यात आहे. ३० दिवसांचे २८ केले, की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो या कंपन्यांनी सुकाळातही आणून दाखवला. ग्राहकांनी ओरड केली तेव्हा दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा पॅक ठेवायला लावले. तो दुकानदार आपण होऊन दाखवत नाही, मागावा लागतो.

हिशेब करू. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९. म्हणजे एका फोनला वर्षाला ७० किलो ज्वारी, तीही हमीभाव हातात पडला तर. घरात चार फोन असले की १०,३४८ रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० धरला तर सव्वा क्विंटलहून जास्त कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल कापूस धरा, म्हणजे एका एकराचा जवळजवळ तिसरा हिस्सा बोलण्यात गेला. शिवाय यात १८ टक्के जीएसटी आहे. १०,३४८ पैकी सुमारे १,५७८ रुपये सरकारचे. व्यापाऱ्याला धंद्याच्या फोनवरचा कर वळता करून घेता येतो, शेतकऱ्याला नाही.

कोणी म्हणेल, फोनमुळे भाव तर कळतो. कळतो, खरे आहे. पण कळल्याने मिळतो का? यावर दोन अभ्यास झाले आहेत. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आला तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच चौकशी करून जिथे गिऱ्हाईक आहे त्या बंदराला होडी लावू लागले. बंदराबंदरांतला भावाचा फरक कमी झाला, मासळी वाया जाणे थांबले. रॉबर्ट जेन्सन यांनी हे २००७ मध्ये मांडले. त्याच वर्षी महाराष्ट्रात रॉयटर्सने शेतकऱ्यांना बाजारभावाचे आणि हवामानाचे एसएमएस पाठवायला सुरुवात केली. फाफशाँ आणि मिंटेन या दोघांनी राज्यातल्या १०० गावांत त्याचा परिणाम तपासला. एसएमएस घेणाऱ्याला न घेणाऱ्यापेक्षा सरासरी भाव जास्त मिळाल्याचे दिसले नाही. फोन दोन्हीकडे होता. पण मच्छीमाराची होडी कोणत्याही बंदराला लागू शकत होती. आपली गाडी कुठे लागते? ज्याची उचल घेतली त्याच्याच दारात. कळलेल्या भावाला जाता येईल एवढी मोकळीक आणि हातात चार पैसे असले तरच फोन कामाचा.

मग करायचे काय? सरकारने रिचार्जचा भाव बांधून द्यावा, अशी मागणी कोणी करील. आम्ही ती करणार नाही. बांधलेला भाव आणि परवान्याचे दुकान यांचे फळ कापसात पुरते चाखून झाले आहे. आपले म्हणणे वेगळे आहे. दार उघडे ठेवा. लहरींच्या लिलावातून आणि करातून तिजोरी भरायचे थांबवा, म्हणजे नवा दुकानदार येऊ शकेल. जुलै २०२४ च्या भाववाढीनंतर त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख गिऱ्हाईक वाढले. पण तिचा फोर-जी तयार नव्हता. काही महिन्यांत ओघ उलटा फिरला. सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीचा फोर-जी सुरू झाला. २०१९ पासून तिला तीन लाख कोटींहून जास्त मदत मंजूर झाली आहे, ती आपल्याच पैशांतून. पाऊल उचलायला गिऱ्हाईक तयार होते, हे त्या महिन्याने दाखवले. आता दुकानात माल आहे का, हे आपण तपासायचे.

गावी गेल्यावर करायची कामे चार.

एक. घरातल्या सगळ्या फोनांना इंटरनेट लागत नाही. ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएसचे पॅक काढावे लागले. एअरटेलचा तेव्हाचा ३६५ दिवसांचा पॅक १,८४९ चा. एक फोन इंटरनेटचा, तीन नुसत्या बोलण्याचे, असे केले तर १०,३४८ चे ८,१३४ होतात. २,२१४ रुपये वाचले. ओटीपीला इंटरनेट लागत नाही, एसएमएस पुरतो. भाव बदलले असतील तर आकडे बदला, पद्धत हीच ठेवा.

दोन. दुकानदार सांगतो म्हणून सिम घेऊ नका. आपल्या शेतात, खळ्यावर आणि घरात कोणाची रेंज येते ते बघा. अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतल्या गावांना हे जास्त लागू आहे. कंपन्यांना आता आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर लावावे लागतात. नकाशात रेंज आहे आणि शिवारात नाही, अशी ठिकाणे गटवार लिहून आणा.

तीन. नंबर मरू देऊ नका. ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. आधार, बँक आणि सातबारा त्या नंबराला जोडलेले आहेत. नंबर बदललाच तर आधी या सगळीकडे बदल करून घ्या.

चार. कंपनी बदलता येते, नंबर तोच राहतो. जानेवारी २०११ पासून हा हक्क देशभर आहे. १९०० वर एसएमएस टाकला की कोड येतो. एकट्याने बदलली तर कंपनीला पत्ताही लागत नाही. गावातल्या दोनशे जणांनी एकाच आठवड्यात बदलली तर लागतो.

आणि सरकारकडे मागण्या दोन. कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा २००२ पासून खेड्यांतल्या सेवेसाठी वेगळा काढला जातो. त्या निधीला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. म्हणजे दर रिचार्जमधून आपली वर्गणी जाते. त्यातून आपल्या तालुक्यात कोणत्या गावाला टॉवर मिळाला, याचा लेखी हिशेब द्या. दुसरी, ज्या गावात रेंज नाही तिथे अ‍ॅपशिवाय नोंदणी होत नाही असा नियम चालणार नाही. तलाठ्याकडे आणि खरेदी केंद्रावर कागदावरची नोंद घेतलीच पाहिजे. रेंज नाही म्हणून कुणाचा कापूस हमीभावाबाहेर पडता कामा नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणायचे. एकावर गावातले फोन किती आणि वर्षाचा रिचार्ज किती. दुसऱ्यावर रेंज नसलेल्या शिवारांची नावे. निवेदन त्या कागदांवरूनच लिहायचे आहे.