रुग्णालयाच्या दारापलीकडे
(बांधकाम कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



परांचीवरून कोसळलेल्या गवंड्याचा मणका मोडतो, आतील मज्जारज्जू चिरडला जातो आणि कमरेखालचे शरीर क्षणात परके होते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, हाती एक कागद देऊन त्याला घरी धाडले जाते. आरोग्यव्यवस्थेच्या लेखी प्रकरण तेथे मिटते. घराच्या लेखी ते तेथे सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत दगावत. त्यांचा जीव घेई तो मुख्यतः शय्याव्रण आणि मूत्रपिंडापर्यंत चढणारा जंतुसंसर्ग. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे हे चित्र पालटले. त्यांच्यापाशी जादू नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा, हातांना काम, आणि खेळसुद्धा! १९४८ साली तेथे सुरू झालेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या आपल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविले ते याच परंपरेत.

पेटकर सैनिक होते. अशा सैनिकांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्र आहे, आणि ते असलेच पाहिजे. कारखान्यातील विमाधारक कामगारालाही कायम अपंगत्वाचा लाभ मिळतो. परंतु नाक्यावरून उचललेल्या, कोणत्याच नोंदवहीत नाव नसलेल्या मजुराचे काय? त्याची कूस रात्री दोन वाजता कोण बदलते? त्याची बायको. मग पहाटे उठून तीच मजुरीला जाते. ती गेली की दुपारभर तो एकाच कुशीवर पडून राहतो, आणि ज्या जागी त्याला स्पर्शच कळत नाही तेथे जखम कुजू लागते. या बाईच्या श्रमाला आपण ‘सेवा’ म्हणतो. तेवढ्याने तिचे वेतन चुकते झाले, असे आपल्याला वाटते की काय, कोण जाणे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’! ही मर्यादा पुलांच्या उद्घाटनांच्या वेळी कधी आड आल्याचे मला स्मरत नाही.

आपली मागणी मोठी नाही. तालुक्याच्या रुग्णालयात लघवीच्या नळ्या आणि शय्याव्रण टाळणाऱ्या गाद्या विनामूल्य मिळाव्यात. महिन्यातून एकदा परिचारिकेने घरी येऊन पाठ पाहावी. आणि तो भत्ता थेट त्या बाईच्या हाती पडावा. या मागणीचे निवेदन मेळाव्यानंतर तहसीलदारांकडे न्यायचे आहे. सह्यांचे कागद दाराशी ठेवले आहेत.