पानिपतची भाकरी

(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



दिल्लीत आलेला मराठी पाहुणा पानिपतला गेल्यावाचून सहसा राहत नाही. सुमारे 90 किलोमीटरचा प्रवास, शहराबाहेरचे काला आंब येथील स्मारक, क्षणभर मौन, एखादे छायाचित्र. आणि गाडी परत फिरते. ज्या गावाच्या नावाने मराठीत सर्वनाशाला शब्द मिळाला, त्या गावी घोटभर पाणीही न पिता तो माघारी येतो.

वास्तविक पानिपतची कथा ही अन्नाचीही कथा आहे. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी सैन्य व दिल्ली यांच्यामध्ये तो येऊन बसला. रसदेची वाट तुटली. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अडीच महिन्यांत तळावरचे धान्य सरले. सैनिकांसमवेत यात्रेकरू, बायकामुलेही होती. 14 जानेवारी 1761 रोजी सैन्य बाहेर पडले, ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे या निश्चयाने.

आज त्याच जानेवारीत तेथे गव्हाची शेते हिरवीगार असतात. थंडीत बाजरीची रोटी हातावर थापली जाते. वर लोणी, शेजारी सरसोंचे साग आणि गुळाचा खडा. पहिल्या घासालाच मराठी जिभेला ओळख पटते, ही तर घरची भाकरी! बाजारात प्रसिद्ध पचरंगा लोणचे मिळते. कैरी, लिंबू, कमळकाकडी, हरभरे मोहरीच्या तेलात मुरलेले. 1947 च्या फाळणीत घरदार गमावून पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी ही चव सोबत आणली आणि पानिपतातच आपले संसार पुन्हा उभे केले.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाला पराभवाची तारीख पाठ असते. त्या गावाची चव त्याला ठाऊक नसते. त्याने स्मारकाला वंदन अवश्य करावे. मग गावात जाऊन पानावर बसावे, वाढणाऱ्याची विचारपूस करावी, त्याचे आजोबा कोठून आले ते ऐकावे. ज्या वाटेने एकेकाळी धान्याची गोणी पुढे सरकू शकली नाही, त्या वाटेने लोणच्याची एक बरणी घरी आणावी आणि वरणभाताच्या पानात, डाव्या बाजूला, तिला मानाची जागा द्यावी.