सागावर कोरलेला वाघ

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडून पूर्वेला, मनोर-जव्हारच्या बाजूला गेलं की पाड्यांच्या वेशीजवळ, झाडाखाली वाघोबा या देवाची स्थानं दिसतात. कुठे दगड, कुठे उभा रोवलेला लाकडाचा खांब. त्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, कधी सोबतीला नाग. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या पट्ट्यात अशा १५० स्थानांची नोंद झाली. वाघबारशीच्या सणाला वारली बांधव इथे पूजा करतात.

सुतारकाम करणाऱ्यांनी हे कोरीव काम जवळून जरूर पाहावं. आकृतीभोवतीचं लाकूड पटाशीनं थोडं खाली उतरवायचं, म्हणजे वाघ आपोआप वर उठतो. कोरणी उथळ, बाह्यरेषा मात्र ठसठशीत; म्हणूनच शेंदराचे थर चढले तरी वाघ ओळखू येतो. मिशा, नखं असल्या बारकाव्यांच्या मागे लागायचं कारण नाही. मला तर हा संयमच सगळ्यात मोलाचा वाटतो.

घरी करून पाहायचं असेल तर जुन्या दाराची सागाची फळी घ्या. गाभ्याचं लाकूड निवडा. कडेच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते. पटाशी रेषांच्या दिशेनं चालवा, आडव्या कापाला धार ताजी हवी. वाघोबा मात्र पुजलेला देव आहे. त्याची नक्कल शोभेसाठी विकू नका. पद्धत उचला आणि चित्र आपलं कोरा.