टीव्ही आहे, रक्त नाही
(सोलापूर येथे केलेलं भाषण)

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. पोटासाठी मुंबईत ओझी उचलतो, पण घर इथलंच, सोलापूरचं. आई विड्या वळायची. मजुरी हजारावर. पान खराब निघालं की विड्या फेकल्या जायच्या, मजुरी तुटायची. शाळेत मला कुणी विचारलं असतं, 'घरात महिन्याला किती येतात?' तर काय सांगणार होतो? आईलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून सर्वेवाले वस्तू विचारतात, आणि ते बरोबरच आहे. पोराला पगार ठाऊक नसतो, वस्तू दिसते. युरोपात 11, 13, 15 वर्षांच्या पोरांना विचारतात: मोटार आहे? स्वतःची खोली आहे? तोच कागद आपल्या वस्तीत आणला तर जवळजवळ सगळ्यांपुढं शून्य. मग उपाशी कोण न् अर्धपोटी कोण, कसं कळणार?

आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं 2019-21 मध्ये संडास, पंखा, टीव्ही मोजून साऱ्या देशाला पाच पायऱ्यांवर बसवलं. 15 वर्षांपुढच्या पोरींच्या बोटातून रक्ताचा थेंबही घेतला. पण टीव्हीचे हप्ते किती राहिलेत, हे त्या यादीत नाही. शहरातली वीज न् नळ धरून आमची खोली वरच्या पायरीवर चढते. पोरीचं रक्त खालीच राहतं.

मोजू नका, असं मी म्हणत नाही. मोजाच! न मोजलेली भूक सरकारला दिसत नाही. पण यादी करताना विडी वळणाऱ्या बाईला शेजारी बसवा. ओझं किती, ते उचलणाऱ्याला विचारा.