पडद्यावरचा बेकार आणि आपण

(जबलपूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आज थोडा वेळ सिनेमाविषयी बोलणार आहोत. काहींना हसू येईल. पण ज्या जबलपुरात नट प्रेमनाथ यांचे एम्पायर टॉकीज होते, तिथल्या कामगाराला सिनेमा परका नाही. शिवाय काही चित्रपट असे आहेत, की ते आपल्याच घरावर काढल्यासारखे वाटतात.

१९४८ सालचा इटलीतला ‘बायसिकल थीव्ज’ घ्या. महायुद्धानंतरच्या रोम शहरात अंतोनियोला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते. अट एकच, स्वतःची सायकल हवी. ती गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण ठेवून ती सोडवते आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. आपल्या पोस्टमन बांधवांना सायकलीचे मोल वेगळे सांगायला नको. शेवटी हा सरळ माणूस हताश होऊन दुसऱ्याची सायकल उचलतो आणि लहान मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. ही भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोराणी खराखुरा कारखान्यातला कामगार होता. चित्रपट जगभर गाजला आणि त्याची कारखान्यातली नोकरी मात्र गेली. पडद्यावरची बेकारी अशी त्याच्या घरी आली.

१९५२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बिमल रॉय यांनी हा चित्रपट पाहिला आणि १९५३ साली त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. त्यातला शंभू जमीनदाराचे पासष्ट रुपये देणे लागतो असे समजतो. कागदावर आकडा निघतो दोनशे पस्तीस. जमीन वाचवायला तो कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. बलराज साहनींनी या कामासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढून सराव केला होता. तरीही शंभूची जमीन जातेच. त्यावर कारखाना उभा राहू लागतो आणि जाताना आपल्याच शेतातली मूठभर मातीही त्याला नेऊ देत नाहीत. दोनशे पस्तीस रुपये! सावकाराच्या वहीत अंगठा उठवताना किंवा सही करताना आपल्यापैकी किती जण आकडा नीट वाचतात, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. कामगारांच्या पतपेढ्या उभ्या राहिल्या त्या याच कारणाने.

आता आपल्या मराठी मुलखात या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो घराघरांत विरत गेला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ काढला. बापाची गिरणी बंद, एक मुलगा गुन्हेगारीकडे ओढला जातो, आई खानावळीच्या डब्यांवर नव्हे तर धीरावर घर चालवते. गिरणीची जमीन सोन्याच्या भावाची झाली; तिच्यावर घाम गाळणाऱ्याचे मोल मात्र शून्य.

आणि अलीकडचा, २०१९ सालचा केन लोच यांचा इंग्लंडमधला ‘सॉरी वी मिस्ड यू’. त्यातला रिकी घरोघर पार्सले पोचवतो. कंपनी म्हणते, तू नोकर नाहीस, स्वतःचा मालक आहेस. गाडी त्याची, खर्च त्याचा, आजारपणही त्याचे. सुट्टी घेतली की दंड. टपाल खात्यातील बांधवांनो, हे चित्र नीट पाहा. पार्सल तेच, पोचवणारे हातही तसेच. फक्त त्या हातांना रजा नाही, पेन्शन नाही, युनियन नाही.

मित्रहो, या सगळ्या कथांत समान काय? माणूस एकटा पडतो. अंतोनियो मदत मागायला गेला तेव्हा रस्ते झाडणारे त्याचे सोबती पहाटे सायकल शोधायला धावले. सायकल मिळाली नाही, हे खरे. पण दुसऱ्याच्या सायकलीला त्याने हात घातला तो सोबती पांगल्यानंतर, एकटा असताना.

२०१९ साली रेल्वेने सुमारे पस्तीस हजार जागांची जाहिरात काढली, तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. ते अर्ज आपल्याच मुलांचे, भाच्यांचे, शेजाऱ्यांचे होते. आपल्या शेजारी ठेकेदाराकडे डबे धुणारा आणि गावोगाव टपाल वाटणारा ग्रामीण डाक सेवक आहेच. आमच्याकडे कायम नोकरी आहे म्हणून आम्ही त्यांच्याकडे प्रेक्षकासारखे पाहिले, तर उद्या पडद्यावर आम्ही असू आणि पाहणारे दुसरे असतील. हा दोष आम्ही आधी स्वतःच्या पदरी घेतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या कामाच्या जागी असलेल्या कंत्राटी कामगारांची यादी करावी, त्यांना किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही ते विचारावे आणि पुढच्या सभेला त्यांना शेजारी बसवावे. सिनेमा संपला की दिवे लागतात आणि लोक उठून जातात. आपण उठून जायचे नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!