रात्रीची पाळी



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अवकाशयानापर्यंत पुष्कळ विषय झाले असतील. अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलाचा बहुधा झाला नसेल. आमचे शिक्षण सातवीपुरते. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने शिकविले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आमचा धाकटा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे एकवीस प्रकार मानले, त्यांत हा एक. पण तो शब्द आमच्या घरात येण्यापूर्वी आम्ही त्याला हट्टी समजत होतो. राजापेठेत आमच्या दोन खोल्या. संडास अंगणापलीकडे, सामाईक. सभा आटोपून उशिरा घरी यावे, डोळा लागावा आणि दोन वाजता ओल्या गोधडीने जाग यावी. एके रात्री आम्ही त्याला मारले. दिवसभर मालकापुढे हक्काची भाषा बोलणारा माणूस रात्री आपल्याच लेकरावर हात टाकतो, हे सांगताना आजही मान खाली जाते. आमची मंडळी एवढेच म्हणाली, "त्याले कायले मारता? झोपेत काय होते ते त्याले तरी माहीत हाय काय?"

तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक रस सोडते. काही मुलांत तो कमी पडतो, आणि मूत्राशय भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात. बहुतेकांचे वयाबरोबर थांबते; स्वमग्न मुलांत ते अधिक काळ राहण्याचा संभव जास्त. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बद्धकोष्ठाचा. आम्ही चमकलोच. साठलेला मळ मूत्राशयावर दाब आणतो म्हणे! दोन-दोन दिवस शौचाला न जाणारे आमचे पोर. आधी त्यावर औषध झाले. पाणी तोडायचे नाही, दिवसा भरपूर द्यायचे, दिवेलागणीनंतर कमी.

तरी निम्मे राहिलेच. मग आम्ही चार रात्री नुसते जागून पाहिले. कधी कधी पोर स्वतः उठे, अंगण ओलांडून संडासाच्या दारापर्यंत जाई आणि परत फिरे. आत दिवा लुकलुकत होता, फरशी थंडगार, आणि टाकीचा आवाज त्याला सोसत नव्हता. कामगार यंत्रावर जात नसेल तर आधी यंत्र तपासावे, हे आम्ही तीस वर्षे इतरांना सांगत आलो. घरात मात्र आठवले नाही. आता मोरीत एक भांडे असते, पिवळा मंद दिवा असतो, त्याच्या चपला त्याच जागी असतात, आणि भिंतीवर चार चित्रे: उठणे, जाणे, हात धुणे, झोपणे. ओले होताच वाजणारी घंटाही बाजारात मिळते. पुष्कळांना गुण येतो. आमच्या मुलाने कान झाकून घेतले.

गोधड्या धुण्याचे काम कोणाचे, हे विचारायलाच नको. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस दिव्यांग लेकरे वाढविली. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे रोज सकाळी किती अंथरुणे धुवावी लागत असतील, हा प्रश्न आमच्यासारख्यालाच सुचायचा.

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि मूल दिव्यांग असेल तर त्याला वयाची अट नाही. योग्यच आहे. पण सूतगिरणीत रात्रपाळी करणाऱ्या आईला? अशा आईबापांना रात्रपाळी लावू नये, अशी मागणी आम्ही एका कारखान्यात मांडली. व्यवस्थापक हसले, म्हणाले, "मुतण्यासाठीही सवलत?" आम्ही ती मागणी लेखी देऊन आलो. उत्तर अजून आलेले नाही.

घरी आठवड्यातून दोन रात्री अजूनही ओल्या जातात. त्या रात्री गोधडी आम्ही धुतो.