पंपाच्या पेटीतील जुना ब्रेकर : क्षमता कशी ओळखावी ?



तोंडवलीत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. माडाच्या बागेतील पंपाच्या पेटीला खारा वारा बारा महिने लागतो. पत्रा गंजतो, ब्रेकरवरची अक्षरे पुसली जातात. तो बिघडला की दुकानदार विचारतो, "किती अँपियरचा देऊ ?" याचे उत्तर अंदाजाने देऊ नये.

प्रथम मुख्य स्विच बंद करावा व टेस्टरने खात्री करावी. ब्रेकर कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. पॉलिश पेपर लावू नये. बॅटरीचा उजेड तिरपा टाकल्यास पुसट अक्षरे दिसतात. 'सी १६' म्हणजे सी प्रकारचा, १६ अँपियरचा ब्रेकर. चौकटीतील ६००० हा आकडा निराळा. शॉर्टसर्किट झाल्यास तेवढ्या अँपियरपर्यंतचा प्रवाह तो सुरक्षितपणे तोडतो. जुन्या ब्रेकरवर एल किंवा जी अक्षर आढळते. एल साध्या वायरिंगसाठी, जी मोटारीसारख्या यंत्रांसाठी असे. कंपनीचे नाव व मॉडेल क्रमांक वाचता आला, तर विक्रेत्याकडून जुने माहितीपत्रक मिळते का ते पाहावे.

काहीच वाचता आले नाही, तर मोटारीची पाटी आणि वायरची जाडी पाहावी. ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ७.५ अँपियर घेते; थेट सुरू करताना सुमारे ६ ते ७ पट. म्हणून मोटारीला सी किंवा डी प्रकार लागतो. मात्र ब्रेकरचा आकडा वायरला पेलणाऱ्या प्रवाहापेक्षा जास्त नसावा. मोटारीचे रक्षण स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले करतो. तो पाटीवरील प्रवाहाप्रमाणे लावावा.

ब्रेकर वारंवार पडतो म्हणून मोठा बसविणे धोक्याचे आहे. वायर तापून पेटी जळू शकते. सैल टर्मिनल, कमी दाब, गेलेली फेज किंवा जाम झालेला पंप यांपैकी खरे कारण शोधावे. गंजलेला ब्रेकर, क्षमता सापडली तरी, पुन्हा वापरू नये.

शेवटची गोष्ट : साधा ब्रेकर वायर वाचवितो, विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवीत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे. नव्या ब्रेकरचा आकडा पेटीच्या दाराच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा; पुढच्या वेळी शोधाशोध करावी लागणार नाही.